बिनविस्तवाचा मसालेभात

आमच्या घरात भांड्याला सीटबेल्ट लावायची पद्धत नाही. मागच्या हिवाळ्यात मात्र ती वेळ आली. गाडीत मागच्या सीटवर एका खिडकीशी माझ्या सासूबाई, दुसऱ्या खिडकीशी माझी बायको सुलभा, आणि दोघींच्या मधोमध पट्टा लावून ताठ बसलेला आमचा थर्मल कुकर. (सासूबाईंना कुणी पट्टा लावला नव्हता. ही गोष्ट त्यांनी पुढे बऱ्याच नातेवाइकांना सांगितली.)

ज्यांनी हे भांडं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा दिसायला पिंपासारखा, पण करणीने चमत्कार. बाहेरचं भांडं थर्मासच्या जातीचं, जाडजूड. आत एक वेगळं पातेलं बसतं. त्या पातेल्यात भात म्हणा, आमटी म्हणा, गॅसवर दहा मिनिटं खळखळ उकळायची, मग पातेलं उचलून बाहेरच्या भांड्यात ठेवायचं, झाकण लावायचं आणि निघून जायचं. पुढचा स्वयंपाक ते स्वतःच्या उष्णतेवर करत बसतं. गॅस नाही, वीज नाही, ढवळणं नाही, करपणं नाही. अट एकच, मध्ये झाकण उघडायचं नाही. उघडलंत की आतली उष्णता निघून गेली.

हे मी पहिल्यांदा एका व्हिडिओत पाहिलं. एक परदेशी जोडपं डोंगरात तंबू ठोकून बसलं होतं. बाई पुस्तक वाचत होती, बुवा आकाशाकडे बघत होता आणि जेवण त्यांच्या मागे आपलं आपण शिजत होतं. मी तो व्हिडिओ इतक्या भक्तिभावाने बघत होतो, की सुलभाला वाटलं मी कुठल्या देवळातली काकडआरती लावली आहे.

आता सुलभाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यासाठीच घडलं. लग्न झाल्यापासून आम्ही पुष्कळ सहली केल्या. दिवेआगरला गेलो, महाबळेश्वरला गेलो, माथेरानला गेलो. प्रत्येक ठिकाणी, ‘बाहेरचं किती खायचं,’ असं कुणीतरी म्हणायचं (कुणीतरी म्हणजे मी) आणि सुलभा पदर खोचून खोलीतल्या शेगडीपुढे उभी राहायची. मागच्या दिवाळीत मी पुढच्या सहलीचा विषय काढला, तेव्हा ती चकल्या मोजून डब्यात भरत शांतपणे म्हणाली, “तुमची सहल होते. माझा फक्त ओटा बदलतो. आता मी येणार नाही.”

ते वाक्य मला लागलं. खरंच लागलं. आणि मी असा माणूस आहे की काही लागलं, की लगेच काहीतरी विकत घेतो.

कुकर घरी आला. न्यू पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत त्याला जागा नव्हती, म्हणून तो जेवणाच्या टेबलावरच राहिला. मी एका रविवारी तालीम केली. सकाळी मसुराची आमटी उकळून आत ठेवली, दुपारी झाकण काढलं. आतून वाफेचा असा लोट आला की माझा चष्मा धुक्यात गेला. मसूर लोण्यासारखे मऊ! मी भांड्याला चक्क हात जोडले. सुलभानेसुद्धा चमचाभर आमटी चाखली, भुवया वर केल्या आणि पुन्हा चाखली.

“बरी झालीय,” ती म्हणाली. तिच्या तोंडून माझ्या स्वयंपाकाला हा सर्वोच्च पुरस्कार होता, कारण मी आधी कधी स्वयंपाकच केलेला नव्हता.

मी संधी सोडली नाही. “या वेळी सहलीला तू कशालाही हात लावायचा नाहीस. चमचासुद्धा उचलायचा नाही. आयतं गरम जेवण तुझ्या पुढ्यात येईल.”

“आणि नाही आलं तर?”

“येणारच.”

“आलं तर मी यापुढे म्हणाल तिथे येईन. नाही आलं तर तुम्ही आणि तुमचं भांडं खुशाल फिरा,” ती म्हणाली. हे ती हसत म्हणाली नाही, म्हणून मला घाम फुटला.

बेत साधा होता. धरणाच्या काठी, प्रबळगड समोर दिसतो अशा जागी तंबू ठोकायचा, दिवसभर राहायचं. तंबू माझ्या मेहुण्याचा. मेहुणा म्हणजे प्रमोद. तो खारघरला एका टॉवरमध्ये राहतो. त्याने हा तंबू हौसेने घेतला आणि तोवर फक्त हॉलमध्ये ठोकला होता. सासूबाई त्याच्याकडेच असतात. त्याची बायको शिक्षिका, ती पेपर तपासायला म्हणून घरी राहिली. (तिला पुढचं दिसलं असावं असा माझा संशय आहे.)

त्या सकाळी मी अंधार असतानाच उठलो. स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घेतलं, कारण सुलभाला ओट्याचं दर्शनही होऊ द्यायचं नव्हतं. कांदा चिरला, तोंडली चिरली, गोडा मसाला घातला. मसालेभात रटरटायला लागला तोवर प्रमोद आणि सासूबाई येऊन पोचले. प्रमोद आला तो थेट आमच्या बाथरूममध्ये शिरला. बाहेरचं भांडं टेबलावर झाकण काढून तयार होतं. आता फक्त पातेलं उचलायचं आणि आत ठेवायचं, एवढ्यात इंटरकॉम वाजला.

“साहेब, तुमच्या पाहुण्यांची गाडी गेटात आहे. पाण्याचा टँकर अडलाय,” वॉचमन म्हणाला.

आमच्या सोसायटीत टँकर अडवणाऱ्याला माफी नाही. मी गॅस बंद केला, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, टेबलावरची प्रमोदची चावी उचलली आणि पायजम्यावर खाली धावलो. तिथे टँकरवाला मागे घेईना, मला पुढे घेता येईना, आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीतून दोघांनाही चुकीच्या सूचना देत होते. सगळं सुटून वर आलो, तर टेबलावरच्या भांड्याला झाकण लागलेलं. खटकाही बसलेला.

मी भांडं उचलून बघितलं. जड होतं. जड आहे म्हणजे भरलेलं आहे. भरलेलं आहे म्हणजे प्रमोदने पातेलं आत ठेवलं. तर्कात मी शाळेपासून हुशार. उघडून खात्री करावी हा विचार मनात आला, पण लगेच मी स्वतःला दटावलं. उघडायचं नाही हा पहिला नियम आणि तो मीच मोडायचा?

गाडी सुकापूर ओलांडून पुढे निघाली आणि माझी रसवंती सुरू झाली.

“हात लावून बघा,” मी पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणालो. “लावा, लावा. आत शंभर डिग्रीचा भात आहे. बाहेर काही जाणवतंय?”

सुलभाने हात लावला. “गार आहे हो.”

“ठार गार!” प्रमोदने गाडी चालवता चालवता हात मागे करून खात्री केली.

“आणि वास? येतोय का मसालेभाताचा वास?”

सगळ्यांनी नाकं फुगवून पाहिलं. वासाचा कण नव्हता.

“वाफेचा एक थेंब बाहेर पडत नाही,” मी म्हणालो. “याला म्हणतात तंत्रज्ञान.” माझा स्वतःचाच आवाज भरून आला होता.

सासूबाईंनी मात्र भांड्याला हात लावून तो हात कपाळाला टेकवला. मला बरं वाटलं. जावयाच्या खरेदीला सासूने नमस्कार करावा, असे प्रसंग संसारात थोडे.

धरणावर पोचलो. पाणी निळंशार, समोर प्रबळगड, वर घिरट्या घालणारी घार. सुलभाने आंब्याखाली चटई टाकली, चप्पल काढली आणि दिवाळी अंक घेऊन चक्क आडवी झाली. मी तंबूचे खुंटे ठोकताना तिच्याकडे चोरून बघत होतो. ती पान उलटायची, डोंगराकडे बघायची, पुन्हा पान उलटायची. इतक्या वर्षांत मी तिला सहलीत आडवी झालेली पाहिलंच नव्हतं. माझी छाती तंबूपेक्षा जास्त फुगली. (तंबू तसा फुगलाच नाही, वाऱ्याने सारखा आडवा होत होता. हॉलमध्ये वारा नसतो हे प्रमोदच्या लक्षात आलं नव्हतं.)

जेवायची वेळ झाली. मी पत्रावळी मांडल्या, कुकर मधोमध आणून ठेवला, सुलभाला चटईवरच राहू देऊन बाकीच्यांना गोल बसवलं. प्रमोदने मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. आजूबाजूला शेळ्या चरत होत्या, त्यांचे राखणदार बाबा डोक्याला टॉवेल गुंडाळून उभे होते, तेही कुतूहलाने जवळ आले.

“चष्मेवाल्यांनी मागे सरा, वाफ येईल,” असं बजावून मी खटका उघडला आणि झाकण वर उचललं.

वाफ आली नाही.

आत एक नारळ होता. शेंडीचा. तो तांदळात बसलेला होता, कच्च्या तांदळात. त्यावर हळकुंड, सुपारी, आणि बाजूला घडी घातलेला हिरवा खण.

प्रमोदचा व्हिडिओ चालूच होता. मी भांड्यात बघत होतो आणि खरं सांगतो, पहिले काही क्षण मला वाटलं, की उष्णतेने मसालेभाताचं काहीतरी झालं आहे.

“ओटी आहे ती,” सासूबाई म्हणाल्या. “घराबाहेर पहिल्यांदा निघालेलं नवं भांडं. रिकामं कसं न्यायचं? मी खारघरहूनच सगळं घेऊन आले होते. तुम्ही खाली गेलात तेवढ्यात भरली.”

“पण... पातेलं? आतलं पातेलं?”

“त्याच्या आत आणखी पातेलं असतं, हे मला कुठे ठाऊक?”

“मग गाडीत एवढं बोलत होतो मी, शंभर डिग्री काय, वास काय. तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?”

“जावई बोलत असताना मी मध्ये बोलू?” सासूबाईंना माझा प्रश्नच कळेना. “मला वाटलं जेवण डिकीत असेल आणि ओटीला मान म्हणून मध्ये बसवलंय. पट्टासुद्धा लावलात. मी मनात म्हटलं, माधवराव रीतभात जाणतात हो.”

मसालेभात घरी होता. बंद दाराआड, विझलेल्या गॅसवर, अर्धाकच्चा. आणि आम्ही एका नारळाला सीटबेल्ट लावून प्रबळगडाच्या पायथ्याशी आणलं होतं.

मग आमच्या तिघांच्याही माना, ठरवल्यासारख्या, एकाच दिशेला वळल्या. आंब्याखाली. सवय ही अशी गोष्ट आहे. सुलभा उठून बसली होती. तिचा हात पदराकडे गेला, मी स्पष्ट पाहिलं. मग तो हात परत खाली आला, तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

“ताई, जरा बघ ना,” प्रमोद म्हणाला.

“मला बंदी आहे,” सुलभा म्हणाली. “चमचासुद्धा उचलायचा नाही.” आणि ती पुन्हा आडवी झाली.

चार उपाशी माणसांमध्ये सुलभा आडवी पडू शकते! समोर प्रबळगड उभा होता, पण त्या घडीला मला तिच्याइतकं भव्य काही दिसत नव्हतं. आणि भीतीही वाटली, कारण आता जेवण आलं नाही तर ही बाई माझ्याबरोबर पुन्हा कुठेही येणार नव्हती. माझा शब्द त्या तांदळात पडला होता.

“भात करू,” मी म्हणालो. “तांदूळ आहेत, पाणी आहे.”

“शेगडी?”

शेगडी नव्हती. बिनविस्तवाच्या भांड्याबरोबर शेगडी कोण आणेल? काडेपेटीही नव्हती. तेवढ्यात प्रमोदने खिशातून लायटर काढला आणि काढल्यानंतर त्याच्या लक्षात आलं की आई समोर बसली आहे.

“हा कशाला रे तुझ्याकडे?” सासूबाईंनी विचारलं.

“उदबत्ती लावायला,” प्रमोद म्हणाला. त्याला देव्हारा कुठल्या खोलीत आहे हेही सांगता आलं नसतं.

तीन दगड मांडले. काटक्या गोळा केल्या. नारळ बाजूला काढला, तांदूळ धुतले, बाहेरच्या भांड्यातच पाणी ओतलं आणि ते चुलीवर चढवलं. दुसरं भांडं होतं कुठे? जाळ छान पेटला. भांड्याचं चकचकीत बूड काळं झालं. प्लास्टिकची मूठ वितळून लोंबायला लागली. धूर आमच्या डोळ्यांत गेला. मी पाण्यात बोट घालून पाहिलं.

पाणी गार होतं.

आणखी काटक्या घातल्या. फुंकर मारून मारून प्रमोदला चक्कर आली. पुन्हा बोट घातलं. गारच. आणि मग मला कळलं, कळलं आणि पुन्हा मी थक्क झालो. ज्या भांड्यातून उष्णता बाहेर येऊ शकत नाही, त्या भांड्यात ती जाणार तरी कशी? जाहिरातीतला शब्द न् शब्द खरा होता. खाली होळी पेटली होती आणि आत तांदूळ थंड हवेच्या ठिकाणी आल्यासारखे निवांत पडले होते. इतक्या संतापातही मला त्या भांड्याचं कौतुक वाटलं.

शेळ्यांचे बाबा केव्हाचे उकिडवे बसून बघत होते. शेवटी त्यांनीही बोट घालून पाहिलं.

“आग तर हाय खाली,” ते म्हणाले.

“आहे.”

“आन पानी तापत नाय?”

“नाही.”

बाबांनी भांड्याला एक फेरी मारली. वरून पाहिलं, वाकून खालून पाहिलं. मोळ्या घेऊन चाललेल्या दोन बायांना त्यांनी हाक मारली. त्याही आल्या, मोळ्या टाकून बसल्या. बोटं घालून झाली.

“बेस टोप हाय,” बाबा शेवटी म्हणाले. “उन्हाल्यात पानी ठेवाया मना द्या.”

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सासूबाई हसल्या. आंब्याखालून दिवाळी अंकाच्या मागून हसण्याचा आवाज आला, तो मी ओळखला.

“आमच्याकरचा टोप आनू काय? साधा हाय. तापतो,” बाबांनी विचारलं.

“नको नको, होईल यातच,” मी म्हणालो. कारण माणसाला अब्रू असते. मग पोटात कावळे असे कोकलायला लागले की अब्रूचा आवाज ऐकू येईना, आणि मी म्हणालो, “आणा.”

बाबा जवळच्याच घरातून ॲल्युमिनियमचा टोप घेऊन आले, बरोबर मिठाची पुडी आणि चार हिरव्या मिरच्या. आणि मी, ज्याने आयुष्यात फक्त मसूर आणि मसालेभात (अर्धा) केला आहे, तो चुलीपुढे बसलो. सुलभाने एक सूचना केली नाही. एकदा भात उतू जायला लागला तेव्हा तिने डोळे घट्ट मिटून घेतलेले मी पाहिले. तिच्यासाठी तो दिवस माझ्यापेक्षा अवघड गेला असावा.

भात झाला. खाली करपला, वर चिकट झाला, मधला पट्टा खरोखर बरा होता. सासूबाईंनी नारळ दगडावर फोडला. मी मधल्या पट्ट्यातला भात काढून सगळ्यांत आधी सुलभाच्या पत्रावळीवर वाढला, वर खोबऱ्याचे तुकडे, कडेला मीठ आणि मिरची. मग बाबांना आणि बायांना वाढला. मी हात बांधून सुलभाच्या समोर बसलो.

तिने घास घेतला. चावला. धरणाकडे बघत राहिली. दुसरा घेतला. आणि मग पत्रावळ माझ्यापुढे सरकवून म्हणाली, “अजून वाढा.”

हे दोन शब्द आमच्या घरात सगळे म्हणतात, तिने म्हटलेले मी पहिल्यांदा ऐकले. ती नेहमी शेवटी जेवते, उरलेलं जेवते, तिला कोण वाढणार? माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धूर होताच, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी घरी आलो, तर मसालेभात ओट्यावर जसाच्या तसा, तोंडली कडक. तोही मीच गॅसवर चढवून पुरा केला. सुलभा हॉलमध्ये पाय वर घेऊन बसली होती. मला वाटलं होतं की आता निकाल लागणार. आयतं जेवण तिच्या पुढ्यात आलं होतं खरं, पण माझ्या भांड्यातून नाही, वेळेवर तर नाहीच. तिने मसालेभात खाल्ला, पाणी प्यायली आणि विचारलं, “पुढच्या महिन्यात कुठे जायचं?”

मला विश्वास बसेना. मी उठून तो काळा, मूठ वितळलेला कुकर पुढे आणला. “मी हा घासून लख्ख करतो. मूठ नवी बसवतो. या वेळी पातेलं मी स्वतः...”

“ते भांडं राहू दे घरी,” सुलभा म्हणाली. “तुम्ही चला.”

तेव्हापासून आम्ही दर सहलीला जातो. दिवाळी अंक सुलभाच्या हातात असतो आणि शेगडी माझ्यापुढे. परवा सोसायटीतल्या बायकांनी तिला विचारलं, की बाहेरगावी नेण्यासाठी थर्मल कुकर बरा का. ती म्हणाली, “त्यापेक्षा नवरा बरा. सकाळी एकदा तापवला की दिवसभर बघावं लागत नाही. आमच्याकडच्या पीसमध्ये एकच दोष आहे, त्याचं झाकण काही केल्या लागत नाही.”